रंग बदलला म्हणजे मॉडेल बदललं होय?

आज दुपारी दुकानात सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतले एक कारखानदार आले होते. नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे, माल वेळेवर देतो. टेम्पोतून कडबाकुट्टी, म्हणजे जनावरांचा चारा कापायचं मशीन, उतरवली आणि म्हणाले, "शेट, नवीन मॉडेल. डिझाइन पूर्ण बदललंय." मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. हिरवा रंग होता तो केशरी झालाय, बाजूला बैलाच्या तोंडाचा स्टिकर आलाय आणि किंमत बाराशेनं वाढलीय. तोंड तेवढंच आखूड, पट्टा तसाच उघडा, स्विच तसाच मोटरच्या मागं. विचारलं, बदललं काय? तर म्हणाले, "लूक!"

त्यांना चहा पाजला, गोड बोलून वाटेला लावलं. पण डोकं काही शांत होईना, म्हणून इथं लिहितोय. लांबलचक होणार आहे, कंटाळा आला तर पुढं जावा.

उन्हाळ्यात डिग्रजच्या एक मावशी मुलाला घेऊन आल्या होत्या. पोरगं मला एचपी विचारत होतं, तासाला वैरण किती पडते, वॉरंटी किती, ऑनलाइन तर एवढ्यालाच दाखवतंय. मावशी गप्प. थोड्या वेळानं त्यांनी पदर खोचला आणि एकेका मशिनपुढं उभं राहून, हातात पेंढी असल्यासारखं आत सारून बघायला लागल्या. कुठं कमरेत वाकावं लागतंय, कुठं खांदा वर जातोय, सगळं करून बघितलं. मग आपल्या कुपवाडच्या मशिनपाशी आल्या. उजवा हात तोंडात तसाच ठेवला आणि डावा हात स्विचकडं नेला. पोचेना. मला म्हणाल्या, "दादा, हात आत वढला तर बंद कुणी करायचं? म्हशीनं?"

दुकानातली सगळी हसली. मावशी हसल्या नाहीत.

ज्यांच्या घरी जनावरं नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. या मशिनमध्ये दोन दातेरी रोलर चारा आत ओढतात आणि पुढं चाकावरची पाती त्याचे तुकडे करतात. पेंढीबरोबर बांगडी नाहीतर पदराचं टोक एकदा रोलरात गेलं की तो काही विचारत बसत नाही. म्हणून तोंड लांब पाहिजे, म्हणजे हात रोलरपर्यंत जाणारच नाही. म्हणून रोलर उलटा फिरवायचा दांडा हाताशी पाहिजे. यात रॉकेट सोडायचं नाहीये. हातभर जादा पत्रा आणि एक दांडा, बास.

आपल्याकडं हे मशीन विकत घेतो बाप्या आणि चालवते बाई. पहाटे पाचला उठून, धारेच्या आधी, गोठ्यातल्या एका पिवळ्या बल्बाच्या उजेडात. साडी, बांगड्या, ओले हात. आणि कॅटलॉगवर फोटो कुणाचा? फेटा बांधलेल्या पैलवानाचा! ज्यानं जन्मात कधी उसाचं वाढं मशिनमध्ये सारलं नसेल. कारखानदार डीलरला विचारतो, डीलर गिऱ्हाइकाला विचारतो, गिऱ्हाईक म्हणजे खिशात पैसे असलेला पुरुष. गोठ्यापर्यंत कुणीच जात नाही.

मावशींनी गुजरातचं मशीन नेलं. दोन हजार जास्त मोजून. पोरगं कुरकुरत होतं, "आई, लोकलला सर्व्हिस मिळते." त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, मला विचारलं, "पाती काढायला पान्हा कितीचा लागतो?" दोन्ही पात्यांना एकच पान्हा होता. आपल्या मशिनला तीन लागतात, कारण ज्या दिवशी जो बोल्ट हाताला लागला तो बसवला. दिवाळीपर्यंत त्यांच्या गल्लीतल्या आणखी बायका येऊन "तसलंच द्या" म्हणून गेल्या. एकीनंही रंग विचारला नाही.

आता संताप कशाचा येतो सांगतो. हे आपल्या मातीला नवीन असतं तर एक वेळ समजलो असतो. पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी काय लांब आहे का? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात ड्रॉइंगचे मास्तर, मुंबईला व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवायचे. त्याआधी जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते, पण रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून ती सोडावी लागली. बेळगावला सायकलचं दुकान काढलं आणि मग बनवायला काय घेतलं? कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर! लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं म्हणून शेतकरी नांगराला हात लावायला तयार नव्हते. लक्ष्मणरावांनी काय नांगराला शेंदूर फासून "नवीन मॉडेल" म्हणून विकला नाही. १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, तिथं कारखाना उभा राहिला आणि पुढं स्टेशनचं नावसुद्धा बदलून किर्लोस्करवाडी झालं. ज्या माणसाला रंग ओळखता येत नव्हते त्यानं यंत्रातनं एवढं उभं केलं. आणि आम्हाला सगळे रंग दिसतात, तर आम्ही फक्त रंगच बदलतोय.

ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हेही आठवतं. कसली माणसं होती! असो.

साताऱ्याकडच्या मित्रांनो, तुम्ही हसू नका. तुमच्याकडं महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता, बजाज प्रिया तिथं बनायची. स्कूटर दणकट, प्रश्नच नाही. पण तिरकी करून किक मारायची, मनगट पिरगाळून गिअर टाकायचा. २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली. बटण दाबा, निघा. बघता बघता बँकेतल्या मॅडम, शाळेतल्या बाई, कॉलेजच्या पोरी, सगळ्या गाडीवर. शेवटी २००९ ला बजाजनं स्कूटरच बंद करायचं जाहीर केलं. त्यांच्या मोटरसायकली जोरात चालल्या होत्या म्हणून निभावलं, हे मान्य. कुपवाडच्या शेडमध्ये दुसरं कुठलं प्रॉडक्ट आहे निभावून न्यायला?

कारखानदारांचं एक ठरलेलं उत्तर असतं: आपण डोकं लावायचं आणि महिन्याभरात बाहेरचा कॉपी मारणार. मारतात, खोटं नाही. पण डिझाइन्स ॲक्टखाली मशिनचं रूप नोंदवता येतं, दहा वर्षं आणि वर पाच. मशीन चालतं कसं यासाठी पेटंट वेगळं, ते वीस वर्षांचं. यातलं काय काय केलंय विचारलं की म्हणतात सीएला विचारतो. सीए काय करणार त्यात?

आणि हो, पत्र्याचा भाव, लाइटबिल, आमच्यासारख्या डीलरची उधारी, हे सगळं खरं आहे. बँक लेथला कर्ज देते, कागदावरच्या चित्राला देत नाही. समजतं मला. पण बैलाचा स्टिकर छापायला पैसे होते ना?

मागं एक पोरगी आली होती, विश्रामबागची, अहमदाबादला एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत शिकलेली. सुट्टीत आलेली, म्हणाली काका, मी एखाद्या कारखान्यात बसून बघते. मी स्वतः घेऊन गेलो. तिनं शेडमध्ये दोन तास काढले आणि मग विचारलं, "हे वापरणाऱ्या बायका कुठं भेटतील?" मालक म्हणाले, "बायकांचं काय काम? तू रंग सुचव की." पोरगी आता बंगळूरला आहे. जाणारच.

प्रत्येक गावात बोटं गेलेला एक तरी माणूस असतो, आणि गोठ्यातल्या बाईची गेली तर गावाला कळतसुद्धा नाही, ती पदराखाली हात घेते. लिहिताना हात थरथरतोय रागानं. पोस्ट वाचून ते कारखानदार रागावतील. रागवूदेत. माणूस वाईट नाही हो, त्यांच्या वडिलांनी हातानं भट्टी लावून धंदा सुरू केलाय, पोरगाही डिप्लोमा करून शेडमध्ये येतोय. तो पोरगा पन्नाशीला येईल तेव्हा शेड चालू असावी एवढंच माझं म्हणणं. नाहीतर गुजरातच्या मालाचं गोडाऊन होईल तिथं, आणि भाडं चांगलं येतं म्हणून सगळी खूश राहतील.

केशरी मशीन मी ठेवून घेतलेलं नाही. उद्या टेम्पो पाठवा म्हणून निरोप दिलाय. सोबत डिग्रजचा पत्ता देणार आहे. मावशींशी फोनवर बोललोय, त्या म्हणाल्या, "येऊदेत की, पण सकाळी पाचला या म्हणावं, नंतर मला टाइम नसतो."

तुमच्या ओळखीत असली डिझाइन शिकलेली, सांगली-मिरजेत परत आलेली पोरं-पोरी असतील तर मला मेसेज करा. बसायला दुकानाचा माळा देतो. पैसे कारखानदारांकडून कसे काढायचे ते माझ्यावर सोडा, वीस वर्षं उधारी वसूल करतोय.