वेळेचं नियोजन: सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत

सेमिस्टर सुरू झालं की लगेच अभ्यासाला बसण्याचा उतावळेपणा करू नये. आधी वेळापत्रक. त्यासाठी अप्पा बळवंत चौकात जाऊन पाच रंगांचे हायलायटर आणि एक जाडजूड प्लॅनर आणावा. गाडी लावायला जागा शोधण्यात गेलेला अर्धा तास नियोजनाच्या खात्यावर मांडावा. मग पहाटे साडेपाचचा रकाना हिरव्याने भरावा. (रात्री दोनला झोपणाऱ्यानेच साडेपाच लिहायचं असतं.) पहिलाच दिवस हुकला तर सगळं पुढच्या सोमवारवर ढकलावं. मंगळवारपासून कुणाचं काही सुरू झाल्याचं ऐकिवात नाही.

पद्धतच हवी असेल तर पोमोडोरो आहे. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर लावून ती काढली. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. बिचाऱ्याच्या कॉलेजसमोर अमृततुल्य नसावं. आपल्याकडे पाच मिनिटांत चहा गाळून होतो, 'चला, निघू' म्हटल्यावर उठायला वीस लागतात. तेव्हा आकडे उलटे करून घ्यावेत.

गणपतीआधी ढोलपथकाचा सराव असतो. तिथे मात्र सहा म्हणजे सहा, पावसातसुद्धा, प्लॅनरबिनर न उघडता. ही गोष्ट घरी बोलू नये.

हजेरी 75 टक्के लागते, म्हणजे 40 लेक्चर्सपैकी 10 बुडवता येतात. एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित, राहिलेली पोरंही हे गणित तोंडी करतात.

एवढं नियोजन झालं की सबमिशनची आदली रात्र आपोआप येते. ड्रॉइंगची शीट राहिलीच असेल तर जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी ठेवायची, खाली टेबल लॅम्प, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी. खालची रेघ दिसते तशी वर ओढत जायची. हात थरथरला तर खोडू नये, कागद फाटतो. पहिल्या वर्षी मी पहाटे चारला अशी अख्खी शीट उतरवली, कोपऱ्यातल्या चौकटीसकट.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोन्ही शीट शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "यातला रोल नंबर 42 कोण?"

आम्ही दोघांनी हात वर केला.