‘माणसं हवीत, भिंती नकोत’: एका प्रतिक्रियेला उत्तर

वृद्धनिवासांच्या इमारती कशा आखाव्यात यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. बावीस वर्षं वृद्धांची शुश्रूषा केलेल्या माणसाने इतक्या कळकळीने लिहिल्यावर दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला जमणार नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : म्हाताऱ्या माणसांना मायेची माणसं लागतात, देखणी इमारत नाही. मी खिडक्या, कठडे आणि फरशांवर पानंच्या पानं लिहिते, पण रात्रपाळीला चाळीस जणांमागे दोनच सेविका असतात त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आणि प्रत्येकाला स्वतंत्र खोली देणं म्हणजे त्याला एकटं पाडणं. कोणी पडलं तर सकाळपर्यंत कळणार नाही.

रात्रपाळीचा मुद्दा पूर्ण मान्य. तो त्या लेखात यायलाच हवा होता. पण त्या दोघी रात्रभर काय करतात, हे माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त पाहिलं आहे. त्या चालतात. या टोकाची घंटा, मग त्या टोकाची, मधेच चादरींच्या कपाटापर्यंत हेलपाटा. दोन्ही बाजूंना दारं असलेला लांबच लांब कॉरिडॉर आखणारा माणूस त्यांची पायपीटही आखून ठेवत असतो. फिलाडेल्फियात १९७४ साली मानसशास्त्रज्ञ पॉवेल लॉटन यांच्या संशोधनाच्या आधाराने वाइस पॅव्हेलियन हे वृद्धनिवास उभारलं, तेव्हा हा कॉरिडॉरच काढून टाकला आणि खोल्या एका मोठ्या दालनाभोवती मांडल्या. दालनातून खोल्यांची दारं दिसत, खोलीच्या दारातून दालनातली माणसं दिसत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला जेवायची जागा शोधावी लागत नसे, ती समोरच असे.

माया आणि भिंती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मीही पूर्वी मानत असे. ते मत एका दुपारी बदललं.

मी आखलेल्या पहिल्या वृद्धनिवासात भिंतीवरचा कठडा प्रत्येक दाराच्या हातभर आधी संपत होता आणि पलीकडे हातभर अंतरावर पुन्हा सुरू होत होता. नकाशावर ते फार नीटनेटकं दिसायचं. इमारत वापरात आल्यावर काही महिन्यांनी मी तिथे जाऊन बसले. एक आजी कठडा धरून जेवणघराकडे निघाल्या होत्या. कठड्याच्या टोकाशी येऊन थांबल्या. उजव्या हाताची बोटं लाकडाच्या शेवटच्या टोकावर घट्ट, डावा हात हवेत, समोरच्या कठड्याच्या रोखाने. मधे दार. पाऊल दोनदा उचललं, दोनदा मागे घेतलं. मग मान वळवून हाक मारली, “कोणी आहे का गं?” सेविका धावत आली, हात धरून त्यांना पलीकडे नेलं. पुढच्या दाराशी पुन्हा तेच. जेवणघरापर्यंत अशी सहा दारं होती. चौथ्या दाराशी आजी म्हणाल्या, “राहू दे, खोलीतच आण ताट.”

ती सेविका प्रेमळ होती, एकदाही वैतागली नाही. तरीही आजींचं जेवणघर सुटलं. दर दहा पावलांवर कोणाला तरी हाक मारायची, हे माणसाला सोसत नाही. मग तो हाक मारणं नव्हे, जाणंच सोडून देतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे : दुसऱ्याला हाक न मारता माणसाला दिवसभरात काय काय करता येईल, हे बरंचसं इमारत ठरवते. आम्ही कठडे चौकटीपर्यंत नेऊन भिडवले आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या लावल्या. मधलं अंतर निम्म्यावर आलं, म्हणजे एक हात सुटण्याआधी दुसरा पोचू लागला. आजी पुन्हा जेवणघरात येऊ लागल्या. हे काम मुळातच करायला हवं होतं, ती चूक माझीच.

संडासाचंही तसंच. तुम्ही लिहिलंत की ओले कपडे बदलण्यातच निम्मी रात्र जाते. ओहायोतल्या कॉरिन डोलन सेंटरमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या रहिवाशांबाबत हे तपासून पाहिलं गेलं होतं. कमोड नजरेसमोर असला की ती माणसं तो आपणहून कितीतरी जास्त वेळा वापरतात. बंद दारामागे काय आहे हे त्यांना आठवत नाही. समोर दिसलं की आठवावं लागत नाही. उशीवर डोकं ठेवून कमोड दिसतो का, हे मी आता प्रत्येक नकाशावर रेघ मारून बघते. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड असेल तर बैठक गडद रंगाची घेते, नाहीतर अंधुक नजरेला तो दिसूनही दिसत नाही.

फरशीच्या आग्रहाला तुम्ही ‘हौस’ म्हटलंत. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि चकाकीचा त्रास मात्र वाढलेला असतो. पॉलिश केलेल्या फरशीवर खिडकीचं प्रतिबिंब पडलं की ते पाणी वाटतं, काळं पायपुसणं खड्डा वाटतो. कोणी दाराशी अडून बसलं, पाय पुढे टाकेना, की आपण त्याला हट्टी ठरवतो. नेदरलँड्समधल्या १२ निवासांत दिवसा छताच्या दिव्यांचा उजेड सुमारे १,००० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वाढवून पाहिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बुद्धीची घसरण थोडी मंदावली, नैराश्याची लक्षणं कमी झाली. परिणाम माफक होता, पण दिवा न थकता रोज लागतो.

आता स्वतंत्र खोली. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०२० च्या साथीत ६०० हून अधिक निवासांचा अभ्यास झाला. जिथे एकेका खोलीत आणि न्हाणीघरामागे जास्त माणसं होती, तिथे कोविडची लागण आणि मृत्यू दोन्ही जवळपास दुप्पट होते. साथ बाजूला ठेवली तरी, पडद्याआड डायपर बदलून घेताना शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकतोय, याला सोबत म्हणता येईल का? एकटेपणा खोलीमुळे येत नाही, खोलीबाहेर पडल्यावर लगेच कोणी भेटत नाही म्हणून येतो. २००३ मध्ये अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो गावी डॉक्टर बिल थॉमस यांच्या कल्पनेतून ‘ग्रीन हाउस’ घरं उभी राहिली. एका घरात दहाच माणसं, प्रत्येकाला आपली खोली, आणि दार उघडलं की समोर चूल आणि एकच लांब टेबल. रांधणारी, भरवणारी, अंघोळ घालणारी माणसंही तीच. तुम्ही ज्या मायेबद्दल लिहिता, तिला तिथे पाच मिनिटं बसायला जागा केलेली आहे.

‘पडलं तर कळणार नाही’ ही भीती मात्र खरी आहे. आम्सटरडॅमच्या ‘द ड्री होव्हन’ या वृद्धनिवासात वास्तुकार हेर्मन हेर्त्सबेर्गर यांनी सत्तरच्या दशकात खोल्यांना दुभागलेली दारं दिली. खालचा भाग लावलेला, वरचा उघडा. आत आपलं राज्य, तरी येणाऱ्याजाणाऱ्याचा आवाज येतो, आतली हाक बाहेर जाते, आणि दार किती उघडं ठेवायचं ते आतला माणूस ठरवतो. रात्री सगळे झोपल्यावर हे दार पुरेसं नाही, तिथे जागं माणूसच लागतं.

म्हणून एक विचारते. सध्या माझ्या टेबलावर बारा खोल्यांच्या एका मजल्याचा नकाशा आहे आणि रात्रपाळीच्या सेविकेची जागा अजून ठरलेली नाही. मी ती जिन्याजवळ दाखवली होती, तुमचं पत्र वाचून पुसली. बावीस वर्षांत रात्री तुम्ही नेमक्या कुठे बसत होता, आणि तिथून काय ऐकू येत नसे?