कोण रोहिणी?

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस एकच भांडण चालू आहे: हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड मराठीत हवं की नको. सुरुवात पुण्याच्या मामेभावाने केली. भाषा २०२४ मध्ये अभिजात झाली, दुकानांच्या पाट्या मराठीत झाल्या, मग माणूस जिवंत घरी आला त्याचाच कागद इंग्रजीत का? सांगलीचा आतेभाऊ स्वतः डॉक्टर. त्याने हसणाऱ्या तोंडांची रांग टाकली आणि विचारलं, "अँजिओप्लास्टीला मराठीत काय म्हणशील?" मामेभाऊ हटणाऱ्यातला नव्हे. त्याने एका रात्रीत नमुना तयार केला. त्यात वाक्य होतं, 'हृद्‌रोहिणीतील अवरोध दूर करण्यात आला.' रोहिणी म्हणजे धमनी, रक्तवाहिनी. आईने ते माझ्या वडिलांना, अण्णांना, मोठ्याने वाचून दाखवलं.

अण्णा म्हणाले, "कोण रोहिणी?"

मला दोघांचाही राग येतो. आतेभावाचा जरा जास्त, कारण त्याचं पुढचं वाक्य होतं, "पेशंटला लिहून देऊन काय कळतंय? तोंडी सांगतोच की आम्ही." सांगता, हो. बिल भरायची घाई, लिफ्टपाशी व्हीलचेअर उभी, नातेवाईक फाईल धरून, आणि तेवढ्यात सांगता.

गेल्या वर्षी अण्णांना मिरजेत स्टेंट बसला. कार्डाचा फोटो मला आला. के/सी/ओ एचटीएन (म्हणजे बीपीचा जुना त्रास), हिमोडायनॅमिकली स्टेबल (म्हणजे रक्ताभिसरण स्थिर), स्टेंटच्या नंबराचं स्टिकर, गोळ्यांची यादी. मी तो फोटो मोठा करून करून वाचला आणि 'सगळं ठीक दिसतंय' असं कळवलं. कार्डात एक गोष्ट नव्हती: घरातली जुनी बीपीची गोळी बंद करा, हे. नव्या यादीतही तेच औषध होतं, टेल्मिसार्टन, फक्त कंपनीचं नाव वेगळं. अण्णा जुनी सकाळी घेत, नवी रात्री. शिस्तीचा माणूस, एकही चुकवली नाही. नवव्या दिवशी पहाटे बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. हाड मोडलं नाही, पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्याने हात कोपरापर्यंत काळानिळा झाला.

आता सांगा, इथे मराठी की इंग्रजी हा प्रश्न कुठे आला? 'जुनी गोळी बंद' हे तीन शब्द कुठल्याही भाषेत चालले असते. ते लिहिले गेले नाहीत, कारण तो कागद अण्णांसाठी नव्हताच. तो विम्यासाठी होता. मंजुरीची वाट बघत अण्णा सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत कपडे घालून कॉटवर बसून होते. त्या आठ तासांत कुणी त्यांच्याकडे एक ओळ लिहून दिली असती तर?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि मग, जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये सतरा वर्षं काढलेला माणूस जे करतो ते केलं. इथल्या मेडिकात्सिओन्सप्लानचा, म्हणजे पेशंटच्या औषधांच्या तक्त्याचा, फोटो ग्रुपवर टाकला. २०१६ च्या ऑक्टोबरपासून, तीन किंवा जास्त औषधं कायम घेणाऱ्या पेशंटचा त्यावर हक्कच आहे. एका कागदावर तक्ता. पहिला रकाना औषधातल्या मूळ घटकाचा, कंपनीचं नाव त्याच्या शेजारी. म्हणजे टेल्मिसार्टन दोनदा आलं तर फॅमिली डॉक्टरच्या, म्हणजे इथल्या हाउसआर्ट्‌स्टच्या रिसेप्शनवरच्या मुलीलाही दिसेल. शेवटचा रकाना 'कारण': ही गोळी कशासाठी. मला तो रकाना फार आवडतो. मधे सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र, १-०-१-०. आपल्याकडच्या १-०-१ चा सख्खा भाऊ.

आतेभाऊ दोन दिवस गप्प होता. मग त्याने मला एकच प्रश्न केला. जर्मनीत सगळं इतकं स्पष्ट असतं तर २०११ मध्ये द्रेस्डेनच्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांना 'वास हाब इश?', म्हणजे 'मला काय झालंय?', नावाची वेबसाइट का काढावी लागली? लोक तिथे आपले रिपोर्ट पाठवतात आणि ही मुलं ते फुकटात साध्या जर्मनमध्ये करून देतात. जर्मनमधून जर्मनमध्ये!

मी इंग्लंड पुढे केलं. तिथे २०१८ मध्ये डॉक्टरांच्याच अकादमीने सांगितलं की ओपीडीची पत्रं सरळ पेशंटला उद्देशून लिहा. आतेभाऊ म्हणाला, "तू इंग्लंडात कधी गेलास राहायला?"

खरं तर त्याला माझ्या पित्ताशयाची गोष्ट माहीत नाही. ग्रुपवर मी ती सांगितलेली नाही. तीन वर्षांपूर्वी इथे माझं ऑपरेशन झालं. आधीच्या दिवशी भूलतज्ज्ञ बाईंनी सहा पानी फॉर्म समजावला. रोज गाड्यांच्या ब्रेकचे अहवाल जर्मनमध्ये लिहिणारा मी, दर वाक्याला 'या, या', म्हणजे 'हो, हो', करत मान हलवत होतो. निम्मं कळलं असेल. पुन्हा विचारायची लाज वाटली. सही केली. घरी जाताना फॅमिली डॉक्टरसाठीचं बंद पाकीट हातात दिलं. त्याच्याकडचा टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, चार दिवसांनी होता, म्हणून ट्राममध्येच फोडलं. सुरुवात होती, 'आदरणीय सहकारी, आपल्या रुग्णाबद्दल पुढीलप्रमाणे कळवीत आहोत.' माझ्याच पोटाबद्दलचं पत्र, आणि मी त्यातला पोस्टमन.

तरी मी ग्रुपवर मेडिकात्सिओन्सप्लानच टाकला, ते पत्र नाही.

आणखी एक. अण्णा पडले हे मला आठ दिवसांनी कळलं. 'तू लांब, तुला कशाला घोर' हे आईचं ठरलेलं वाक्य. तोवर सगळं निस्तरलं होतं कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने. आई दोन्ही पाकिटं घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने जुनी पट्टी कात्रीने कापून कचऱ्यात टाकली आणि प्रत्येक गोळीच्या कागदी पुडीवर बॉलपेनने लिहून दिलं: 'बीपी – सकाळी, चहानंतर'. 'रक्त पातळ – दुपारी जेवून, चुकवू नका'. त्यात कारणाचा रकानाही आला. रोहिणी नाही, हिमोडायनॅमिक नाही. मामेभावाला हवं ते मराठी आणि मला हवा तो तक्ता, दोन्ही त्या पुड्यांवर होतं, आणि त्यात माझा काही हातभार नव्हता. माझा हातभार म्हणजे 'सगळं ठीक दिसतंय'.

पित्ताशयाचं ते पत्र घरी आल्यावर मुलीने वाचून दाखवलं. ती तेव्हा अकरा वर्षांची, इथेच जन्मलेली. अवघड शब्द फोनवर शोधत, एकेक अवयव घेत ती पुढे सरकत होती: हृदय, फुप्फुसं, यकृत. सगळीकडे एकच शब्द येत होता, डॉक्टरी भाषेत 'काही दोष नाही' अशा अर्थाचा.

"बाबा, तुझं सगळं उनआउफेलिश आहे."

"मराठीत सांग."

तिने बराच विचार केला. "म्हणजे... कुणाच्या लक्षात येणार नाही असं."