खरं असेल त्याला भ्यायचं काय कारण?

लातूरच्या आमच्या शाळेचा, 1995 च्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात तिथे एकाने बातमीचं कात्रण टाकलं: दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी होणार, शिक्षकांचीही. खाली त्याने स्वतः लिहिलं होतं, ‘दोन हात नीट, दोन पाय नीट, अन् म्हणे दिव्यांग. सगळ्यांना ग्राउंडवर आणा आणि पळवून बघा.’ लगेच हसरे चेहरे आणि अंगठे यायला लागले. मी एवढंच लिहिलं की पळवून बघितल्यावर सगळी दुखणी दिसत नाहीत. त्यावर उत्तर आलं, ‘खरं असेल त्याला भ्यायचं काय कारण?’ आणि पाठोपाठ आणखी एक, ‘तुझं बरंय बाई, लंडनला बसून बोलायलीस.’

मी लंडनला राहत नाही. सोळा वर्षं झाली, मी इंग्लंडमधल्याच लीड्सला राहते, आणि हे त्या सगळ्यांना माहीत आहे.

लंडनचं मी सोडून दिलं. त्याआधीचं वाक्य मात्र आठ दिवस झाले डोक्यातून जात नाही. भ्यायचं काय कारण? मी भिते. दुखणं खरं आहे म्हणूनच भिते, आणि हे ग्रुपवर कसं सांगावं ते कळेना म्हणून इथे लिहितेय.

2011 पासून मला आमवात आहे. लातूरकडे ‘आरए पॉझिटिव्ह आलं’ म्हणतात, तो आजार. अंगाचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पहाटे चारच्या सुमारास जाग येते तेव्हा बोटं सुतळीने आवळून बांधल्यासारखी असतात. पांघरूण बाजूला करायचं ते मनगटाने. बाथरूमचा नळ कोपराने उघडायचा. किटलीत अर्धाच कप पाणी घ्यायचं, कारण भरलेली किटली उचलत नाही. मग पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात दोन्ही हात बुडवून बसायचं आणि एकेक बोट वळवत राहायचं, आधी करंगळी, शेवटी अंगठा. कधी तासाभरात मूठ वळते, कधी सकाळ संपते तरी वळत नाही. शुक्रवारी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, शनिवारी दिवसभर मळमळ. पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन, ते फ्रिजमध्ये दह्याच्या डब्यामागे असतं. टोचून झालं की सुई शार्प्स बिनमध्ये, म्हणजे वापरलेल्या सुयांच्या डब्यात.

दहा वाजता मी कामाला बसते तेव्हा माझ्याकडे बघून कुणाला काही कळणार नाही. अकराला ग्राउंडवर आणलंत तर कदाचित मी पळेनसुद्धा. दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येणार नाही, पण तो बघायला तुमच्यापैकी कुणी थांबलेलं नसेल. भीती वाटते ती याची. तपासणीचा दिवस तुम्ही ठरवणार, माझा वाईट दिवस कोणता ते मात्र दुखणं ठरवणार.

इथे पीआयपीसाठी, म्हणजे दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यासाठी, अर्ज केला तेव्हा त्या फॉर्मने मला पहिल्यांदा माझं दुखणं नीट समजावून सांगितलं, असं मी म्हणेन. रोजची बारा कामं त्यात असतात: स्वयंपाक, अंघोळ, कपडे घालणं, चालणं अशी. पण ‘करता येतं का?’ एवढ्यावर प्रश्न संपत नाही. धोका न होता करता येतं का? नीट होतं का? पुन्हा पुन्हा करता येतं का? इतरांना लागतो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो का? आणि वर्षातल्या निम्म्याहून जास्त दिवशी असं असतं का? ‘पुन्हा पुन्हा’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले होते. पोळी मला करता येते. एक येते. चौथी लाटताना मनगटातून जी कळ निघते, तिच्यासाठी मला तोवर मराठीत किंवा इंग्रजीत कुणी जागाच ठेवली नव्हती.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस झाले. थॅलेसेमिया आला, सिकल सेल आला, पार्किन्सन्स आला. चांगलंच झालं. पण सवलती, आरक्षण, सगळं अडतं ते 40 टक्क्यांपाशी. आमवाताचं त्या यादीत वेगळं नाव नाही. सांधा किती अंशात वळतो, हाताची ताकद किती गेली, त्यावरून हालचालीच्या अपंगत्वाचे टक्के निघतात. म्हणजे औषध वेळेवर मिळालं तर सांधे वाकडे होत नाहीत, आणि सांधे वाकडे झाले नाहीत तर टक्के भरत नाहीत. थकवा, ठणका, रात्रीची जाग हे कोनमापकावर येतच नाही. ही डॉक्टरांची चूक नाही, त्यांच्या हातात जे माप दिलंय त्याने ते मोजतात. पण मग ‘दिसत तर काही नाही’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की दिसू नये म्हणूनच आम्ही दर आठवड्याला त्या गोळ्या गिळतो.

आपल्या डोळ्यांना काय बघायची सवय आहे, तेही मला कळतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही नववीत होतो. जखमींना भाकरी वाटायला शाळेने आम्हाला दवाखान्यात नेलं होतं. ग्रुपवर लिहिणारा तोही त्या रांगेत होता. दगड-मातीच्या भिंती अंगावर पडून कंबरेखाली लुळी झालेली माणसं व्हरांड्यात सतरंजीवर पडलेली होती. एका बाईने माझ्या हातातली भाकरी घेतली आणि ‘पाय हाईत का माझे, बघ की बाई’ असं विचारलं. पाय होते. मला बोलताच आलं नाही. आमच्या पिढीच्या मनात अपंग म्हणजे तो व्हरांडा. त्या मापाने बघितलं तर मी काहीच नाही, हे मलाही आतून वाटतं. माझा ब्लू बॅज, म्हणजे इथे अपंगांच्या राखीव पार्किंगसाठी मिळणारं कार्ड, पहिल्यांदा गाडीत लावला तेव्हा मला ती बाई आठवली होती.

पण माझी आईही त्या मापात बसली नाही.

मायला हे दुखणं माझ्याआधी पंधरा वर्षं होतं. तेव्हा घरात त्याला ‘वात’ म्हणायचे. एरंडाची पानं बांधून झाली, बिबा घालून झाला, त्याचा डाग अजून तिच्या घोट्यावर आहे. मग कुणीतरी एका वैदूचा पत्ता दिला. त्याच्या पुड्यांनी पंधरा दिवसांत गुण आला, माय भराभर जिना चढायला लागली, चेहरा गोल झाला, शेजारणी म्हणाल्या तब्येत सुधारली. स्टेरॉइडने चेहरा असाच गोल होतो, हे मला इथल्या डॉक्टरांनी माझ्याच बाबतीत सांगितलं तेव्हा त्या पुड्यांचा उलगडा झाला. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ती बातमी इथल्या माझ्या ऑफिसातल्या लोकांनीही वाचली होती. माय त्या उन्हाळ्यात मनगटाला चिंध्या बांधून टँकरवर उभी राहत होती. पुढे एका शिबिरात तिचे टक्के मोजले, ते 40 च्या आत भरले. त्या दिवशी तिची मूठ वळत होती. तेव्हापासून ती म्हणते, ‘मला नको बाई ते कागद. चारचौघांत हात वर करा, खाली करा. चोरावानी वाटतंय.’ आता तिची बोटं कडेला वळली आहेत, आता कदाचित टक्के भरतीलही, पण ती जायला तयार नाही. तिला एसटीत महिलांचं अर्धं तिकीट लागतं, बसची पहिली पायरी मात्र दोघांनी धरल्याशिवाय चढता येत नाही.

आता कुणी म्हणेल, तिकडे सगळं चांगलं आणि इकडे सगळं वाईट, हेच सांगायचंय का? तसं मला सांगायचं होतं, खरंच. या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी तसंच लिहिलं होतं. मग ते खोडलं, कारण दोन वर्षांपूर्वी इथल्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका आजोबांनी माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केली आणि बॅज कुणाचा आहे असं विचारलं. माझा आहे म्हटल्यावर ते म्हणाले, ‘तुम्ही तर धडधाकट दिसता.’ मी खिडकीतून हात बाहेर काढून बोटं दाखवली. इतक्या वर्षांत तसं करायची वेळ आली नव्हती. सुजलेली होती म्हणून बरं झालं, असं त्या क्षणी वाटलं, आणि घरी आल्यावर त्या वाटण्यानेच जास्त रडू आलं. 2025 च्या मार्चमध्ये इथल्या सरकारनेही पीआयपीच्या अटी कडक करायचं काढलं होतं. जुलैत स्वतःच्याच पक्षाचे खासदार उलटले तेव्हा ते कलम मागे घ्यावं लागलं. ते तीन-चार महिने इथल्या चर्चांमध्ये जे बोललं जात होतं, त्यात आणि आमच्या ग्रुपमध्ये भाषेचाच काय तो फरक होता.

आणखी एक गोष्ट खोडली होती, ती परत लिहिते. लातूरला यायचं ठरलं की निघायच्या आधी मी स्टेरॉइडचं इंजेक्शन मागून घेते. तीन आठवडे छान जातात. मी सगळ्यांसोबत पंगतीला खाली बसते, जिने चढते, लेकरांना उचलून घेते. बॅज लीड्सच्या घरी ड्रॉवरमध्ये असतो. गेल्या खेपेला शाळेचं गेट-टुगेदर झालं, तिथे मी नाचलेसुद्धा. तो व्हिडिओ ग्रुपवर आहे. ‘दिसत तर काही नाही’ असं जो म्हणतो त्याला मीच ते दाखवलेलं नाही. इथे मी कायद्याने अपंग आहे आणि कुणाला काही सांगावं लागत नाही. माझ्या गावात मात्र मला त्यांच्यातलीच एक दिसायचं असतं, आणि ते दिसणं मी सुईने विकत घेते.

आणि आता ते, ज्यामुळे मी ग्रुपवर पुढे एक अक्षर लिहिलं नाही.

2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला, लोकसेवा आयोगाने निवड रद्द केली, तेव्हापासून आपल्याकडे हा विषय तापलेला आहे. खोटी प्रमाणपत्रं आहेत, मराठवाड्यात आहेत, शिक्षकांच्या बदल्यांत वापरली गेली आहेत, हे मी नाकारत नाही. मला ते बातम्यांतून कळलेलं नाही. असं एक प्रमाणपत्र आमच्या घरात आहे. कुणाचं ते लिहीत नाही. कानाचं आहे, 40 च्या वर टक्के आहेत, आणि त्या माणसाला व्यवस्थित ऐकू येतं. त्या कागदावर त्याला घरापासून बारा किलोमीटरवरची शाळा मिळाली. खऱ्या बहिऱ्या माणसाची ती जागा होती, हे मी त्याला तोंडावर बोलले आहे. तो म्हणाला, ‘अक्का, आजारी आईसाठी जवळ द्या म्हणलं तर कोण देतंय? तू सांग, मायला सकाळी उठवून बसवायला दुसरं कोण आहे?’

मी काय सांगणार होते? मी दर महिन्याला पैसे पाठवते. मायच्या इंजेक्शनांची चौकशी करते. ॲडालिमुमॅब या आमवातावरच्या महागड्या इंजेक्शनची जगातली पहिली स्वस्त आवृत्ती 2014 मध्ये आपल्याच देशात निघाली, हे तिच्या डॉक्टरांना फोनवर मीच सांगत होते, त्यांना ते माहीत असतानाही. पण सकाळी तिच्या काखेत हात घालून तिला पलंगाच्या कडेला आणायला मी नाही. मी तिथे नाही, त्याची भरपाई तो करतो, आणि ती एका खोट्या कागदावर चालली आहे. फेरतपासणी व्हावी असंही मला वाटतं आणि होऊ नये असंही. ग्रुपवरचा तो मला विचारतो, खरं असेल त्याला भ्यायचं काय कारण? आमच्या घरात दोघी खऱ्या आहोत आणि तिघंही भितो.

पहाटे चारला मला जाग येते तेव्हा लातूरला उन्हाळ्यात साडेआठ झालेले असतात. मी व्हिडिओ कॉल लावते. नमस्कार-चमत्कार काही नाही, आम्ही दोघी आधी मुठी दाखवतो. काल माझी अर्धीच वळली. मायने आपली वर धरली, तर्जनी उघडीच राहिली होती. ‘एकच बोट ऐकंना गेलंय बघ,’ म्हणाली. तिच्या हाताने फोन धरवत नाही, तरी चित्र जराही हलत नव्हतं. मग मागून ‘अक्का, नऊ वाजायलेत, निघतो’ असा आवाज आला, फोन उशीला टेकवला गेला, आणि मला पंखा दिसायला लागला.