पुण्याचा मसुदा इंदूरच्या घराला लागू होत नाही : सुदामानगरच्या काकांना उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

भाडेकरारावरच्या माझ्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलंत, पण मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं : मी घरमालकांना उगाच घाबरवतो. इंदूरच्या मराठी घरांत वर्षानुवर्षं शब्दावर भाडेकरू राहिले, काही बिघडलं नाही. अकरा महिन्यांचा नोटरीचा कागद पुरे, आणि तो तुम्ही पुण्याच्या भाच्याकडून आलेल्या मसुद्यावर करून घेता. बारीकसारीक अटी लिहायला बसलं तर चांगला भाडेकरू जिन्यातूनच परत जाईल.

आधी त्या मसुद्याबद्दल, कारण खरा धोका तिथे आहे. तुम्ही त्यातला जो परिच्छेद दिलात, त्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चा हवाला आहे. महाराष्ट्रात त्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता फक्त राहायची परवानगी देणारा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. मुदत संपूनही राहणारा हलत नसेल, तर मालकाला कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. पुण्याचे घरमालक निर्धास्त असतात ते या सोयीमुळे. सुदामानगरला ती सोय नाही. आपल्याकडे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 चालतो. मथळ्यावर ‘लायसन्स’ लिहिल्यानेही फरक पडत नाही. असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच सांगितलं आहे की कागदाला नाव काय दिलं यापेक्षा दोघांच्या व्यवहाराचं स्वरूप काय आहे ते पाहायचं. वरचा मजला कुलूपकिल्लीसह एका कुटुंबाच्या ताब्यात दिलात, दरमहा भाडं घेतलंत, तर ते कुटुंब भाडेकरू ठरण्याचीच शक्यता जास्त.

आणि एकदा भाडेकरू ठरलं की आपल्या कायद्याचं कलम 12 आडवं येतं. इतर कायद्यात किंवा करारात काहीही लिहिलेलं असो, घर खाली करून घेण्याचा दावा त्या कलमात दिलेल्या कारणांवरच लावता येतो. मागणीची नोटीस मिळूनही दोन महिन्यांत थकबाकी दिली नाही, परस्पर पोटभाडेकरू ठेवला, स्वतःला राहायला घराची खरी गरज आहे आणि शहरात दुसरं सोयीचं घर नाही, अशी ती कारणं आहेत. ‘अकरा महिने संपले’ हे त्यांत नाही. ‘मुदत संपताच विनातक्रार ताबा देईन’ या ज्या ओळीवर तुमची सगळी भिस्त आहे, ती न्यायालयात एकटी उभी राहत नाही.

तुमच्या कामाची एक गोष्ट मात्र याच कायद्यात आहे. तुम्ही सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्याचं लिहिलंय. निवृत्त सरकारी कर्मचारी, विधवा, घटस्फोटित स्त्रिया, अपंग अशा मालकांना स्वतःच्या गरजेसाठी घर हवं असेल, तर कलम 23-अ खाली थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दिवाणी दाव्याच्या फेऱ्यांपेक्षा हा रस्ता जवळचा आहे. शेजारच्या ज्या काकूंचं उदाहरण तुम्ही दिलंत, त्या यांपैकी कशात बसत असतील तर त्यांनाही तो खुला आहे. पुण्याच्या मसुद्यात याचा शब्दही सापडणार नाही.

अकरा महिन्यांचं म्हणाल, तर त्याचं मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून लोक अकरावर थांबतात. एवढंच. भाडेकरू घर बळकावेल ही भीती त्यामागे असेल तर ती सोडा. बारा वर्षं राहिला म्हणून भाडेकरू मालक होत नाही, कारण तो तुमच्या परवानगीने राहतो, आणि तुम्हाला मालक मानून आत आलेल्याला राहत असताना तुमची मालकी नाकारता येत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हेही लक्षात असू द्या. तीन वर्षांचा करार नोटरीवर भागवलात, तर त्यातल्या अटींसाठी तो पुरावा म्हणून घेतला जात नाही. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं हे आणखी वेगळं काम. ते चुकवू नका, पण त्याने करार होत नाही.

आता शब्दावर चालण्याबद्दल. आपल्या माणसांतला विश्वास मी खोटा म्हणत नाही. पण भांडणं होतात ती बहुतेक वेळा बेइमानीतून होत नाहीत, जे बोललंच गेलं नव्हतं त्यातून होतात. मे महिन्यात बोअरिंग आटतं, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, टँकर मागवावा लागतो. त्याचे पैसे कोणी द्यायचे? मालक म्हणतो वापर तुमचा, भाडेकरू म्हणतो पाण्यासकट भाडं ठरलं होतं. दोघंही खरंच बोलत असतात. विजेचंही तसंच. एकाच मीटरवर खाली तुम्ही, वर ते, मध्ये सबमीटर. एकूण युनिटं वाढली की दराचा टप्पा बदलतो. मग वरच्यांनी युनिटमागे कोणता दर द्यायचा? ‘वीजबिल भाडेकरू भरेल’ असं लिहून हे सुटत नाही. ‘सबमीटरची युनिटं गुणिले त्या महिन्याच्या एकूण बिलाचा सरासरी दर, आणि ताबा देतानाचं रीडिंग अमुक’ असं लिहिलं की वाद संपतो.

अनामत रकमेवरून तर मी सख्ख्या नातेवाइकांत अबोला पाहिला आहे. तुमच्या मसुद्यात आहे की ‘घर मूळ स्थितीत परत करावे, अन्यथा अनामतीतून कपात होईल’. मूळ स्थिती म्हणजे काय? दोन वर्षांत भिंतीचा रंग उतरणारच, नळाचा वॉशर जाणारच. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारत नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘रंग आणि नेहमीच्या वापराची झीज मालकाकडे. फुटलेली काच, तुटलेलं बेसिन, हरवलेली किल्ली भाडेकरूकडे. किल्ली परत दिल्यापासून पंधरा दिवसांत कपातीचा हिशेब बिलांसह देऊन उरलेली रक्कम परत.’ सोबत पंखे, ट्यूब, गीझर यांची यादी आणि प्रत्येक खोलीचे फोटो, दोघांच्या सह्यांनिशी.

अशा अटी वाचून चांगला भाडेकरू पळत नाही. इथल्या भंवरकुआँ भागात कोचिंगसाठी आलेल्या मुलांच्या आईवडिलांशी माझं बोलणं होतं. अनामत परत कधी आणि कशी मिळणार, हेच ते सगळ्यात आधी विचारतात. लिहून दिलेलं पाहिलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

भाडं थकलं तर लाईट कापू, असंही तुम्ही लिहिलंत. तसं कृपा करून करू नका. भाडं वसूल करायला पाणी-वीज तोडणं आपल्याकडे कायद्याविरुद्ध आहे, आणि तुमची बाजू कितीही खरी असली तरी त्या दिवशी गुन्हा तुमच्याकडून घडेल. थकबाकीची लेखी नोटीस पाठवा, तिची पोच जपून ठेवा, दोन महिने मोजा.

वरच्या मजल्यावरचं कुटुंब जूनमध्ये जाणार असं तुम्ही म्हणता. नवीन माणूस येण्याआधी भाच्याचा मसुदा बाजूला ठेवा आणि इंदूरच्याच वकिलाकडून 1961 च्या कायद्याला धरून दोन पानी करार करून घ्या. टँकर, सबमीटर आणि अनामत यांच्या ओळी मात्र तुम्ही स्वतः सांगून घाला. वकिलाला तुमच्या घरातलं पाणी कधी येतं ते ठाऊक नसतं.

तुमचा,
लेखक