कीटार गळ्यात पडली

नागपुरात तुम्ही जगातला कोणताही कीबोर्ड वाजवा, लोक त्याला कॅसिओच म्हणतात. पंधरा वर्षं झाली, मी ऑर्केस्ट्रातला कॅसिओवाला आहे आणि पंधरा वर्षं स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या टेबलासारख्या त्या स्टँडमागे उभा आहे. गिटारवाला कसा पुढे जातो, गुडघे वाकवतो, केस उडवतो, नवरीच्या मैत्रिणी त्याचा व्हिडिओ काढतात. त्या व्हिडिओत मीपण असतो, म्हणजे माझं कोपर असतं.

तर या कोपराच्या दुःखातून मी कीटार घेतली. सेकंड हँड.

कीटार म्हणजे कीबोर्ड अन गिटार दोन्ही एकात, असं नाव सांगतं. गळ्यात पट्टा, उजव्या हाताला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, डाव्या हाताला गिटारसारखी मान. अशी हौस फार जुनी आहे बरं का, अठराव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नात ऑर्फिका नावाचा चिमुकला पियानो निघाला होता तोही पट्ट्यानं गळ्यात अडकवायचे, म्हणजे कोपऱ्यात उभं राहायला कंटाळलेले लोक तेव्हाही होतेच. मग 1980 मध्ये मूग कंपनीनं लिबरेशन नावाची कीटार काढली, 1987 मध्ये यामाहानं बारक्या 32 पट्ट्यांची एसएचएस-10 काढली, तिच्यात स्पीकरपण होता. हे सगळं वाचून मी इतका तयार झालो होतो की फक्त एकच गोष्ट विचारायची राहिली, आपण घेऊन राहिलो तिच्यातून आवाज निघतो का?

नाही निघत.

घरी आणली, गळ्यात घातली, आरशासमोर उभा राहिलो, पाय फाकवले, पट्टी दाबली. टक. नुसतं प्लास्टिकचं टक. आई म्हणाली, "गिटार घ्यायची तर गिटार घ्यावं, पेटी घ्यायची तर पेटी घ्यावं, हे मुकं लेकरू कायले आणलं?" मग कळलं की हिला एक वेगळा डबा लागतो, साउंड मॉड्यूल म्हणतात, अन दोघांच्या मध्ये मिडीची वायर. या वायरीतून आवाज जातच नाही, नुसता निरोप जातो. अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली, जोर म्हणजे 127 पर्यंतचा एक आकडा, आणि मग पट्टी सोडली. डबा निरोप ऐकतो अन त्याला जमेल तसं गातो. म्हणजे कीटारच्या पैशावर डब्याचे पैसे. बायकोनं यावर काही म्हटलं नाही, तेच जास्त वाईट वाटलं.

वाजवणं तर त्याहून भारी. कीबोर्ड समोर आडवा असतो, दिसतो. ही उभी लटकते, वरून बघितलं तर पट्ट्यांची फक्त कड दिसते, काळी दोन शोधायला मान एवढी वाकवावी लागते की लोकांना वाटतं भाऊ शर्टावर सांडलेलं पाहून राहिला. डाव्या हाताला मानेवर तारा नाहीत, पडदे नाहीत, काही बटणं अन एक रिबन. पण खोटं कशाला बोलू, त्या रिबनवर बोट सरकवलं की सूर घसरतो, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून मींड निघाली. कीबोर्डवर सा आणि रे यांच्यामध्ये भिंत असते हो. त्या रात्री मी हेडफोन लावून दोन वाजेपर्यंत नुसता सा ते रे जात राहिलो.

मग मे महिन्यात आतेभावाची वरात आली. सक्करदऱ्याच्या बाजूनं, डांबर अजून गरम, पुढे धुमालची, म्हणजे आमच्याकडच्या वरातीच्या बँडची, गाडी. डबा गाडीवर, मी रस्त्यावर, मध्ये पाच मीटर मिडी वायर. मला वाटलं होतं मी लोकांमध्ये नाचत वाजवीन. प्रत्यक्षात तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी बैल दोरीनं ओढतात तशी गाडी मला ओढून राहिली होती. एका ठिकाणी पोरींनी मोबाइल काढले, मी थांबलो, गुडघे वाकवले, वरचा पंचम दाबून रिबनवर बोट नेलं, अन गाडी पुढे गेली.

तो पाच पिनांचा गोल प्लग निघाला. राजेहो, तुम्हाला वाटेल आवाज बंद झाला. उलटं! "पट्टी दाबली" हा निरोप पोचला होता, "सोडली" हा पोचायच्या आधीच वायर निघाली. आता तो डबा काही केल्या सोडेना. पींऽऽऽ. वायर इथं लोंबून राहिली, मी दोन्ही हात वर करून दाखवून राहिलो की मी नाही वाजवत, आणि सूर चालूच. घोडा बिचकला. नवरदेवानं आयाळ पकडली.

गाडीवर एक बेंजोवाले काका होते. त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याच पींला सा धरून चालू गाणं तिथून उचललं. लोकांना वाटलं तानपुऱ्याची नवीन आयडिया आहे. कोणीतरी बटण बंद करेपर्यंत काका त्या सुरावर मजेत हिंडून आले.

मांडवात आल्यावर काका जवळ आले. "याच्यात तारा कुठं हायत?"

"नाहीत काका."

"मंग गिटार कायले म्हंता बे?"

मी त्यांचा बेंजो पाहिला. टाइपरायटरसारखी बटणं, खाली खऱ्या तारा, तारांखाली पिकअप, बाजूला जॅक. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. हे वाद्य मूळचं जपानचं तैशोगोतो, 1912 मध्ये नागोयात निघालं आणि फिरत फिरत आमच्या वरातीत आलं. कीबोर्ड आणि इलेक्ट्रिक गिटार खरोखर एकात असलेली वस्तू लहानपणापासून माझ्या कानाशी वाजून राहिली होती, अन मी ती सोडून मुकं प्लास्टिक गळ्यात घालून फिरलो. काकांनी मात्र बेंजो साडीच्या काठाला दोन गाठी मारून गळ्यात अडकवला होता.

व्हिडिओत या वेळी मी डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. दोन्ही हात वर.

काका कीटारभोवती बराच वेळ घुटमळले. शेवटी अंगठ्यानं पट्ट्याची गादी दाबून पाहिली. "बाकीचं राहू द्या. हा पट्टा द्याल काय?"

तिथंच बकल काढून दिला.