लाल डोळ्यांचा मास्तर

वर्धा जिल्ह्यात सकाळी सकाळी लाल डोळे घेऊन रस्त्यावर निघणं सोपं नाही. 1936 साली महात्माजी तेव्हाच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, येऊन राहिले. त्यांच्या नावाची लाज राखायला म्हणून सरकारने पुढे जिल्ह्यात दारूबंदी केली. दारू किती बंद झाली हा वेगळा विषय आहे. पण लाल डोळ्यांवर गावाची नजर मात्र पक्की बसली. त्यातून ते डोळे मास्तरचे असले तर मग पाहायलाच नको.

मार्च लागला की आमची शाळा सकाळची होते. पानठेल्यावरून जाताना माझा अवतार असा : डोळे लाल, कडांना चिपडं, आणि समोर माणूस उभा आहे की विजेचा खांब हे जवळ गेल्याशिवाय कळत नसल्याने पावलं जपून टाकलेली. गावाला एवढा पुरावा पुरतो. एका सज्जनाने मला बाजूला घेऊन अगदी हळू विचारलं, "सर, तुमाले कोन आनून देते? आमाले तं सारी पान्यावानी भेटते."

"अरे बाप्पा, हे मशीनमुळे हाय."

"मशीनची?" त्याचा चेहरा उजळला असावा, मला नीट दिसला नाही. "म्हंजे हातभट्टीची नाही!"

तर हे मशीन. त्याला सीपॅप म्हणतात. मी घोरतो ही गोष्ट तीन घरं पलीकडेही माहीत होती, त्यात लाजण्यासारखं काही उरलं नव्हतं. तक्रार बायकोची होती, आणि तीही घोरण्याची नव्हे. "घोरनं परवडलं," ती डॉक्टरांना म्हणाली, "ते मधातच थांबते ना, तवा माह्या जिवाचं पानी होते." झोपेत गळ्यातले स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, आणि दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ माणूस श्वासच घेत नाही. मग मेंदू दचकून त्याला अर्धवट उठवतो. असं तासाला पाचच्या आत झालं तर चालतं, तीसच्या वर गेलं की प्रकरण गंभीर. माझा आकडा 38 आला. आयुष्यात कुठल्या परीक्षेत मी इतक्या फरकाने मर्यादा ओलांडली नव्हती.

यावर उपाय म्हणजे रात्रभर नाकातून दाबाने हवा सोडायची, म्हणजे वाट मिटत नाही. ही युक्ती ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी 1981 साली जगापुढे मांडली. सुरुवातीच्या यंत्रांना त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती म्हणे. कचरा ओढणाऱ्या मोटरीला उलटं फुंकायला लावायचं, हे डोकं आमच्या गावच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याला आवडलं. मला भेटला की तो अजून त्या डॉक्टरांची चौकशी करतो.

मास्क पहिल्या रात्री घातला तेव्हा आईने विचारलं, "काऊन रे, बैलाचं मुसकं तुले काऊन बांधलं?" तिला समजावण्यात अर्थ नव्हता. दौरीच्या बैलाला मुसकं बांधतात ते त्याने धान खाऊ नये म्हणून, आणि मला बांधलं ते मी हवा खावी म्हणून, एवढाच फरक.

रात्री मात्र सोन्याच्या झाल्या. बायको झोपू लागली, मी झोपू लागलो, गल्लीतली कुत्रीसुद्धा झोपू लागली. पण सकाळ हातची गेली. उठल्यावर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मला फक्त रविवार दिसायचे, कारण ते लाल. बाकीचा आठवडा पांढऱ्या धुक्यात. चहाच्या कपावरची वाफ कुठे संपते आणि माझी नजर कुठे सुरू होते, कळायचं नाही. डोळ्यांत वाळू टोचल्यासारखं व्हायचं, आणि नवाच्या सुमाराला, मधल्या सुट्टीपर्यंत, सगळं हळूहळू निवळायचं. तोवर हजेरी तोंडपाठ घ्यायची. पहिल्या बाकावरच्या पोरीने एक दिवस निरागसपणे विचारलं, "सर, तुमचे डोये आले काय?" दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग घरी. डोळे येणं पसरतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी गुलाबपाणी सांगितलं, कोणी मोतीबिंदू ठरवून ऑपरेशनसाठी महिनाही सुचवला. शेजारचे काकाजी म्हणाले, "फेका ते मशीन. आमी नाई घोरत काय? काई झालं आमाले?" काकाजी घोरतात तेव्हा आमच्या कूलरचा पत्रा थरथरतो. त्यामुळे त्यांचा सल्ला मी आदराने ऐकून घेतला आणि वर्ध्याची बस पकडली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यात नारिंगी रंगाची पट्टी टेकवली, निळा दिवा मारला आणि म्हणाल्या, "बुबुळ खालच्या बाजूला कोरडं पडलंय." मग वरची पापणी बोटाने नुसती वर सरकवली तर ती सहज उलटी झाली. झोपेत श्वास थांबणाऱ्या, जरा अंगाने भरलेल्या पुरुषांच्या पापण्या अशा सैल असतात, रात्री त्या पुरत्या मिटत नाहीत, हे मला तिथे कळलं. इतकी वर्षं मी उघड्या डोळ्यांनी झोपत होतो. शिक्षण खात्याला कळलं तर मीटिंगांना मलाच पाठवतील.

त्यांनी विचारलं, "मास्क नाकाच्या हाडावर घट्ट बसतो का?"

मी म्हटलं, "बायको घट्टच बांधते."

"तिथेच तर हवा गळते."

हे मला पटायला वेळ लागला. मास्कची सिलिकॉनची गादी हवेच्या दाबानेच फुगून चेहऱ्यावर टेकते. पट्टे फार ओढले की तिला चुण्या पडतात आणि नाकाच्या बाजूने वाट फुटते. ती वाट सरळ डोळ्यात. माझ्या मशीनचा दाब 11 सेंटीमीटर पाण्याएवढा आहे, म्हणजे वीतभर पाण्याचं ओझंही नाही, पण सात तास तेवढा वारा डोळ्यात शिरला तर अश्रू टिकतील कसे? आणि दुसरी वाट तर आतूनच आहे. डोळ्यातून नाकात जाणारी एक बारीक नळी असते. रडताना नाक वाहतं ते तिच्यामुळे. नाकात दाब वाढला की कोणाकोणाच्या बाबतीत तीच नळी उलटी चालते आणि हवा डोळ्यात वर येते. त्या रात्री बायकोने मोबाईलच्या उजेडात पाहिलं, तर माझ्या डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक छोटा बुडबुडा फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. "सायकलीचं पंक्चर पाहत्यात तसं दिसून रायलं," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने माझ्या डोळ्यांत एवढ्या निरखून पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंनी एक गोष्ट मात्र दटावून सांगितली. मशीन बंद करायचं नाही, डोळे बरे करायचे. दुपारपर्यंत धुकं निवळलं नाही, किंवा एकाच डोळ्याने कमी दिसू लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. झोपेत श्वास थांबणाऱ्यांमध्ये काचबिंदूही जास्त सापडतो, म्हणून त्यांनी डोळ्यांचा दाबही मोजून घेतला. तो ठीक निघाला. घरात तेवढी एकच गोष्ट दाबात नाही.

मग सुधारणा सुरू झाल्या. पट्टे उभं राहून नव्हे, आडवं पडून, मशीन चालू असताना बांधायचे, कारण झोपल्यावर चेहऱ्याचं मांस जागा बदलतं. माझं तर कानाकडे स्थलांतरच करतं. मास्कची गादी रोज साध्या साबणाने धुवायची. रात्री कपाळाला तेल चोळून मास्क लावला की तो नाकावरून घसरतो. पन्नास वर्षांची तेल चोळण्याची सवय एका सिलिकॉनच्या तुकड्यापायी गेली. हवेला ओल राहावी म्हणून मशीनला पाण्याचा डबा असतो, त्यात बोअरचं पाणी चालत नाही, पांढरे थर धरतात. डिस्टिल्ड वॉटर लागतं. ते घेताना मेडिकलवाल्याने विचारलं, "सर, नवीन इन्व्हर्टर घेतला काय?" इन्व्हर्टर जुनाच आहे, आणि लाइन गेली की त्याच्यावर एक तर डब्याचा हीटर चालतो, नाही तर कूलर. मे महिन्यात काय चालवायचं याचा निर्णय घरात मतदानाने होतो आणि हीटर हरतो.

फक्त नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्कही दाखवला दुकानदाराने. त्याने नाकाचं हाड मोकळं राहतं, पण तो म्हणाला, मिशीमुळे हवा गळेल. वडिलांपासूनची मिशी आहे. बायको म्हणाली, "काढा." आई म्हणाली, "डोये गेले तं गेले, मिशी रायली पायजे." सध्या आईची सरशी आहे.

शेवटचा उपाय म्हणजे झोपण्याआधी डोळ्यांत घट्टसर जेल. त्याने सकाळ खरोखर सुधारली, आता कॅलेंडरवर शनिवारही दिसतो. पण जेल टाकल्या टाकल्या काही दिसत नाही. धुकं सकाळचं होतं, ते रात्री साडेनऊला सरकलं.

परवा जेल टाकून, मास्क हातात घेऊन बसलो होतो. दार वाजलं. कोणीतरी आत आलं, खाटेच्या कडेला टेकलं आणि खाकरून म्हणालं, "ते झोपीची तपासनी कुठं करतेत म्हनता? म्हातारी म्हंते, माहा बी श्वास थांबते. मशीन घेईन मी, पन याच्यानं डोयाले काई होत नाई ना?"

"काई होत नाई," मी म्हटलं. "तुमी कोन, ते सांगा पयले."